कमळूची कार्डं कमी पडतात

१ जानेवारी २००४, गुरुवार

ऑइल कंपनीच्या माणसाने शेठना चार डायऱ्या दिल्या. तीन शेठनी ठेवून घेतल्या आणि पुठ्ठ्याला डाग पडलेली चौथी माझ्या हातात दिली. घरी बायको, जनी, म्हणाली, "दुधाचा हिशोब मांडू त्यात." मी तिला हात लावू दिला नाही. शहापूरच्या गॅरेजात अकरा वर्षं आणि मुरबाडच्या या मोटारसायकलच्या शोरूमला बारा, एवढी मेस्त्रीगिरी झाली. चार ओळी लिहिण्याइतकं माझ्याकडेही असेलच की. रेघा मात्र फारच फिक्या छापल्यात. फुकटचा माल असाच असायचा.

८ जानेवारी, गुरुवार

म्हसा गावच्या जत्रेतून धूळ खाऊन आलेल्या गाड्यांची आज रांग लागली होती. मी चहाच्या टपरीवर उभा, तेवढ्यात एक गाडी आत शिरली. नुसत्या आवाजावरून, कप खाली न ठेवताच मी ओरडलो, "कमळू, टायमिंग चेन!" कमळूने खोललं, तर तीच निघाली. गाडीवाला माझ्याकडे तोंड वासून बघत राहिला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

वर्कशॉपात आम्ही तीन मेकॅनिक. मी, अमोल आणि कमळू. अमोलचा हात जोरात चालतो आणि तोंड त्याहून जोरात. कमळू टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका डोंगरवाडीतला. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला पाना कुठून धरायचा इथपासून मी शिकवलं. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा त्याच्याकडून एक "हां" मिळतो. काउंटरवर रेश्मा बसते. जॉबकार्ड लिहिणं आणि आम्हा तिघांवर ओरडणं ही तिची कामं, आणि दोन्ही ती मन लावून करते.

२८ जानेवारी, बुधवार

शेठनी कल्याणहून नवे मॅनेजर आणलेत, ठोसर साहेब. आज त्यांनी शटर अर्धं ओढून मीटिंग घेतली. एक तारखेपासून बांधलेला पगार बंद. निम्मा पगार ठरलेला आणि बाकीचा कार्डावर. गाडी सुटली की कार्डावर ज्याचं नाव, त्याला तिचे पैसे. गाडी तक्रार घेऊन परत आली तर दुसऱ्यांदा केलेलं काम फुकट. "जो काम करेल तो कमवेल," साहेब म्हणाले. म्हणजे आजवर आम्ही पत्त्यांचा डाव मांडून बसलो होतो.

मी विचारलं, "साहेब, पत्र्याखाली पंखा कधी लावताय?" शोरूममध्ये विकायच्या गाड्या एसीत उभ्या असतात. इकडे पत्रा तापला की आम्ही पाना फडक्यात धरतो. साहेब म्हणाले, पंख्याचं पुढच्या वर्षी बघू. हातमोजे, फंड, आजारपणाची भरपगारी रजा, हे सगळं पुढच्या वर्षीच आहे. फार भरगच्च वर्ष असणार ते.

मला माझी काळजी नाही, माझ्या नावावर गिऱ्हाईक येतं. काळजी कमळूची आहे. हात सोन्याचा, पण चाल बैलगाडीची.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जनीला बाजारात कमळूची बायको भागी भेटली. भागी म्हणाली, "मेस्त्रींनी काम लय वाढवलं काय हो? हे शेवटच्या जिपेनं घरी येतात हल्ली." जनीने घरी आल्यावर माझी उलटतपासणी घेतली.

मी सहाच्या ठोक्याला हात धुतो आणि निघतो. मी निघालो म्हणजे काम संपलं. मग हा बाबा कुठे बसतो? मुका माणूस गप्पा तरी कोणाशी मारणार? पण पैसा कार्डावर आला की माणसाला नवे नाद लागतात म्हणतात. एकदा दटावलं पाहिजे.

३ मार्च, बुधवार

इंजिनातले टॅपेट लावताना फट मोजायच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांचा नवा जुडगा आला. त्यावरचे आकडे इतके बारीक की मुंगीला चष्मा लागावा. मी बोटाच्या अंदाजाने लावतो. तेवीस वर्षं झाली, बोटाला सगळं ठाऊक आहे.

जनीचं एकच पालुपद, डोळे तपासा. डावा शाबूत आहे. उजव्यात शहापूरला असताना बॅटरीचं ॲसिड उडालं होतं, तेव्हापासून त्यातून नुसतं धुकं दिसतं. त्या मालकाने दोन दिवस सुट्टी दिली आणि दोन दिवसांचा पगार कापला. त्यानंतरही मी शेकडो इंजिनं बांधली. मेकॅनिकला कान लागतात.

कमळू हल्ली माझ्या गाड्यांभोवती घुटमळतो. मी काम संपवून दुसरीकडे वळलो की हा तिथे वाकून बघत असतो. शिकायची हौस अजून आहे, हे बघून बरं वाटलं. पण बाबा, बघत बसलास तर तुझी कार्डं कोण भरणार?

२२ मार्च, सोमवार

काल पाडवा. शोरूममधून एकोणीस नव्या गाड्या हार घालून निघाल्या. पेढे शोरूमच्या लोकांना मिळाले. आमच्याकडे रिकामा खोका आला, स्क्रू ठेवायला चांगला आहे.

आज फळ्यावर आकडे लागले. गेल्या महिन्यात अमोल ब्याण्णव कार्डं, मी चौऱ्याहत्तर, कमळू एकोणपन्नास. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी ओरडतो. सगळ्यांसमोर म्हणालो, "कमळू, तुझ्याहून दुप्पट वयाचा माणूस तुझ्या पुढे आहे. लाज वाटते का काही?" दुप्पट म्हणजे जरा वाढवूनच बोललो. तो खाली बघत म्हणाला, "करतो मेस्त्री."

तिकडे रेश्माने पेन टेबलावर आपटलं. "मेस्त्री, तुमी पण ना!" मी विचारलं काय, तर म्हणे काय नाय. लग्न ठरल्यापासून पोरगी फार चिडचिडी झाली आहे.

१२ एप्रिल, सोमवार

लग्नसराई. हळदीला नवरदेवाच्या दारात गाडी चकचकीत पाहिजे, त्यामुळे रोज पंचवीस-तीस गाड्या. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. कमळूने पोतं भिजवून माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर टाकलं. स्वतःच्या जागेवर नाही टाकलं. मी म्हटलं, अरे, तुझ्याही टाक. म्हणाला, "पोतं एकच हाय."

असा हा माणूस. रागावावं तरी किती?

२० एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते जनीला सांगितलं नाही. इथे लिहितो.

ठोसर साहेबांनी बोलावून कागद पुढे केला. फेब्रुवारीपासूनची कार्डं. पहिला अमोल, मग मी, आणि फार खाली कमळू. महिनाअखेरीस एक मेकॅनिक कमी करायचाय आणि सिनिअर म्हणून माझी सही हवी. मी म्हणालो, तो मन लावून काम करतो. साहेब म्हणाले, "मन कुठल्या रकान्यात लिहू?" मग म्हणाले, "मेस्त्री, तुम्हीच त्याला सगळ्यांसमोर सांगितलंत ना?"

सांगितलं होतं. तोंडातून गेलेला शब्द साहेबांनी जपून ठेवला होता. आकडा खोटा नाही, मीही खोटं बोललो नव्हतो, मग नाही कशाच्या जोरावर म्हणायचं? तरी एकदा मनात आलं, की सही केली नाही तर साहेब कागदावरच्या मधल्या नावाकडे बघतील. ते नाव माझं. हा विचार आला आणि लगेच सही झाली. कशाने झाली ते मलाच सांगता येत नाही. जवळच्या सरळगावात त्याला कुठेतरी लावून देईन.

भाकरी गेली नाही. जनीला म्हणालो, ऊन बाधलं.

२१ एप्रिल, बुधवार

कमळूला उद्यापासून पाच दिवस रजा, शुक्रवारची सुट्टी धरून. वाडीत राब भाजायचेत. पालापाचोळा आणि शेण पसरून भाताच्या रोपाची जमीन भाजतात, ते काम त्याच्या घरी दुसरं कोण करणार? त्याला अजून काही ठाऊक नाही. माझ्याच्याने त्याच्या तोंडाकडे बघवेना.

जाताना थांबला. एवढं बोलला की मी चकित झालो. "मेस्त्री, हे पाच दिस इंजिनं अमोलला द्या. चाकं बी त्यालाच द्या. तुमी नुसतं ऐकून सांगा."

माझ्या वयाची काळजी. पण अमोलवर सगळं टाकायला मी काय म्हातारा झालोय?

२७ एप्रिल, मंगळवार

आज अक्षर कसंही येईल.

काल दोन गाड्या परत आल्या. एकीचे टॅपेट असे वाजत होते की मला टपरीवर ऐकू आलं. मी म्हणालो, "कोणी लावले रे हे?" अमोलने कार्ड माझ्यापुढे धरलं. कार्डावर माझं नाव होतं. दुसरीचंही माझंच. पार्टच खराब येतात हल्ली, असं मी दोनदा मोठ्याने म्हणालो.

आज शाळेतल्या वत्सलाबाई आल्या. कोपरापासून मनगटापर्यंत सोललेलं आणि गाडी टेम्पोत घातलेली. पडल्या तेव्हा मागे त्यांची सहा वर्षांची मुलगी बसली होती. उतारावर मागचा ब्रेक लागलाच नाही. ब्रेकच्या दांडीला लहानशी पिन असते, ती घातली की तिची टोकं वाकवायची असतात. वाकवली नाहीत तर ती पडते. ती पडली होती. पोर शेतातल्या मऊ मातीत पडली म्हणून वाचली. तिने मला तिचा गुडघा दाखवला. "बघा आजोबा, रक्त नाय आलं."

ते चाक मी शनिवारी बसवलं होतं. टोकं वाकवली, असं मला वाटलं होतं. मला वाटलं होतं!

मी अमोलला मागच्या बाजूला नेलं आणि त्याचा गळाच धरला. "हे आजवर कसं झालं नाही? याच आठवड्यात तीन गाड्या कशा?" तो माझ्याकडे बघेना.

"मेस्त्री, तुमी सहाला गेलात का कमळूदादा तुमच्या गाड्या परत खोलायचा. टॅपेट, पिना, सगळं. दिवाळीपासून. दिवसापण, तुमी तिकडं वळलात का. मी म्हटलं त्याला, तुजी कार्डं पडतात, सांग ना कोणाला. तर बोलला, मेस्त्रींच्या कानावर गेलं तर तुज्याशी बोलणार नाय."

"रेश्माला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत हाय."

आधी मला रागच आला, कमळूचाच. चोरासारखा माझ्या कामात हात घालतो! टपरीपर्यंत चालत गेलो तेवढा तो राग टिकला. मग फळ्यावरचा एकोणपन्नास आकडा आठवला आणि खाली बसलो.

कमळूला परत येऊन कळेल म्हटलं होतं, तेही राहिलं. साहेबांनी कालच टोकावड्याच्या जीपवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली. त्याचं येण्याचं भाडं वाचावं म्हणून, म्हणे.

२८ एप्रिल, बुधवार

जनीला सगळं सांगितलं. सहीसुद्धा. तिने ऐकता ऐकता पिशवी भरायला घेतली. मग म्हणाली, "आदी डोळं दाखवू. मग शेठकडं जायचं. मग कमळूकडं. रडायचं असंल तर जिपेत रडा."

कल्याणला डॉक्टरांनी बघितलं. डाव्यात मोतीबिंदू, पिकत आलेला. उजव्याचं काही होणार नाही. डाव्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी केलं तर मोठं दिसेल, बारीक कामाची खात्री देत नाही म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "ॲसिड उडालं तेव्हा डोळे झाकायचा चष्मा नव्हता घातला?" मी हसलो. जनी हसली नाही.

२९ एप्रिल, गुरुवार

शेठसमोर उभा राहिलो. ठोसर साहेबही होते. म्हणालो, "कार्डांवर नाव माझं आहे, काम कमळूचं. चौऱ्याहत्तरातली किती माझी ते मलाच माहीत नाही. सगळ्यात खालचा मी आहे. काढायचं तर मला काढा."

शेठ म्हणाले, "अहो मेस्त्री, तुमच्या कानावर विश्वास ठेवून लोक गाडी लावतात." साहेब म्हणाले, कार्डावर मेकॅनिकसाठी एकच जागा आहे, दोन नावं बसत नाहीत. मी म्हणालो, मग कमळूचं लिहा. मी गाडी ऐकून सांगेन, तो खोलेल. बाईंच्या मुलीचं मी सांगितलं तेव्हा शेठचा चेहरा बदलला. माणूस वाईट नाही, पण वर्तमानपत्रात नाव यायला घाबरतो.

ठरलं ते असं. कमळू परत येणार. कार्डं त्याची. मला फक्त ठरलेला निम्मा पगार, कार्डाचा एक पैसा नाही. वत्सलाबाईंच्या गाडीचा आणि औषधाचा खर्च माझ्याकडून. मी सगळ्याला हो म्हणालो. निघताना पंख्याचं परत विचारलं. सवय जात नाही.

निम्म्या पगारात कसं भागेल, हे आत्ता लिहिताना मनात येतंय. भीती वाटते. भीती वाटत नाही असं लिहिणार होतो, पण ही डायरी कोण वाचणार आहे?

३० एप्रिल, शुक्रवार

जनीला घेऊन टोकावड्यापर्यंत जीपने आणि वर चालत. वाडीच्या खाली सगळी शेतं काळी झालेली. कमळू अंगभर राख माखून उभा होता. आम्हाला बघून धावत खाली आला आणि माझा हात धरला. वाटेत दगड होते. त्याने माझा हात असा धरला की मला कळलं, याला माझ्या डोळ्यांचं कधीपासून माहीत आहे.

अंगणात बसलो. भागीने पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "मेस्त्री, चिठ्ठीत तुमचं नाव हाय. यांची नोकरी तुमच्या सहीनं गेली काय?"

मी म्हणालो, "हो."

ती आत गेली. मला वाटलं, आता उठावं. ती नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन बाहेर आली आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. "खा. मंग बोला काय बोलायचं ते."

मी कमळूला म्हणालो, "मला सांगायला काय झालं होतं तुला? तोंड दिलंय ना देवाने?"

तो नखाने राख काढत बसला. मग म्हणाला, "मेस्त्रीला कसं सांगायचं? आन मला कुठं आयकू येतं तुमच्यावानी? तुमी सांगायचात गाडी कुठं दुखती ते. मी नुसता पाना फिरवायचो. कार्ड पडलं तर पडलं."

"नोकरी पडली ना रे!"

"हां," म्हणाला. मी शेठसमोर ठरलेलं सगळं सांगितलं. तेव्हा म्हणाला, "तुमची कमाई कापून मी नाय येणार."

जनीने तोंड उघडलं. "कमळू, यांच्या हातनं उद्या कोणाची पोर मेली तर? तेवा कोण येनार?" तो परत नखाने राख काढू लागला. जनी म्हणाली, "तू आमच्यावर उपकार करतोस असं नको समजू. तुजी गरज हाय. सोमवारी सात वाजता ये."

भागीने त्याच्याऐवजी सांगितलं, "येतील."

मला खूप काही बोलायचं होतं. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. शेवटी त्याच्या राखेने माखलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "माझं चुकलं, कमळू." तो इतका लाजला की गोठ्यात निघून गेला.

३ मे, सोमवार

रेश्माने पहिलं कार्ड लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, मेकॅनिकचं नाव कमळू. अमोलने टाळ्या वाजवल्या. कमळूने त्याला फडकं फेकून मारलं.

सकाळी मी चार गाड्या ऐकल्या. चारही बरोबर निघाल्या. दुपारी गर्दी झाली आणि कमळूचे हात पुरेनात, तेव्हा मी म्हटलं, एक मागचं चाक तरी बसवतो, रोजचं काम आहे. बसवलं. पिनेची टोकं बोटाने दोनदा चाचपली. चांगली वाकल्यासारखी लागली. गाडीवाला नवरदेवाचा भाऊ होता, घाईत, किल्ली हातात घेऊन उभा. ठोसर साहेब घड्याळ बघत होते.

कमळू आला. खाली वाकला, चाकाचा नट नुसत्या बोटाने फिरवून बघितला आणि तसाच वाकून राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने आधी साहेबांकडे बघितलं, मग गिऱ्हाइकाकडे, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला होता. पाना त्याच्याच हातात होता. पटकन दोन वेढे दिले असते तर कोणाला कळलंही नसतं.

त्याने पाना माझ्यापुढे धरला.

"मेस्त्री," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "परत खोला."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी खाली बसलो आणि खोललं.